कानाला लावलेला बल्ब

डोळ्यांनी बघायची वस्तू कानांनी तपासणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे बत्तीमामा. बल्ब हाती आला की ते तो कानाशी धरून हलवत. आतली तार तुटलेली असली की बल्ब किणकिण वाजतो, अगदी बारीक. वाजला नाही की मामा मान डोलवून म्हणत, "शाबूत हाय." नवा कोरा बल्बही या परीक्षेतून सुटत नसे.

मुरबाडजवळच्या एका भाताच्या गिरणीत मी तेव्हा तोलाईला होतो. गावात वीज नव्हती, पण गिरणीच्या इंजिनाला डायनामो जोडलेला असल्यामुळे आमच्या आवारात दिवे लागत. मामा मुंबईत वायरमनचं काम शिकून आले होते आणि त्या दिव्यांवर त्यांचंच राज्य होतं. किन्हवलीकडून भात घेऊन आलेली माणसं बैल सोडायचं विसरून वर बघत राहत. "बघायची चीज हाय, धरायची नाय!" असं मामा खेकसत, आणि मनातून खूश होत.

त्यांचा टेस्टर म्हणजे होल्डरात बसवलेला एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. वायरींची टोकं तारांना लावायची. बल्ब पेटला तर तार जिवंत, नाही पेटला तर मेलेली. हा बल्ब ते कापूस घातलेल्या करवंटीत ठेवत. "पोरांना कधी इतकं जपलं नाय," असं मामी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पुढे लढाई सुरू झाली, बाजारात बल्ब मिळेनासे झाले आणि मामांचा जीव त्या एका बल्बात जास्तच अडकला. वापरायच्या आधी ते इंजिनाच्या धडधडीपासून लांब, कुंपणाकडच्या चिंचेखाली जात, डोळे मिटून बल्ब हलवत, आणि मग "शाबूत" म्हणत परत येत.

इंजिनवर गोमा होता. मामींचा एकुलता एक भाऊ, डोळखांबकडचा, हसरा गडी. सासूच्या हातापाया पडून मामांनीच त्याला कामाला आणलं होतं. "माझ्या नजरेखाली राहील," हा त्यांचा शब्द. गोमाच्या लग्नाला आम्ही पाड्यावर गेलो, तर तिथल्या शांततेतही मामा गिरणीत असल्यासारखे ओरडत होते. "भावोजी, इंजिन हितं नाय आणलं!" गोमा म्हणाला आणि मांडव हसला. गिरणीत सगळेच ओरडतात. तिथे कोणाचे कान गेले तर ते कळणार कसं? आम्हाला कळलं नाही. मामांनाही नाही.

एका दुपारी भाताने लादलेल्या बंडीत अडकून आवारातली तार तुटली. मामांनी खटका खाली केला, चिंचेखाली जाऊन बल्ब कानाला लावला, "शाबूत" म्हणाले आणि शिडीवर चढून टोकं तारांना टेकवली. बल्ब पेटला नाही. गोमा खाली अनवाणी उभा होता, बैलांना पाणी पाजून झालेल्या चिखलात.

"मेलीय तार. धर," मामा म्हणाले.

गोमाने तार धरली. इंजिन बंद करायला मी धावलो, पण इंजिन बंद कसं करायचं ते आमच्यात एकट्या गोमालाच नीट ठाऊक होतं. त्या दुपारचं मला यापेक्षा जास्त लिहवत नाही.

खटका जुना होता, खाली केला तरी आतून चिकटून राहत असे, असं मागाहून मालक म्हणाले. मामांनी ते मानलं नाही. "बल्ब शाबूत व्हता. तार मेलेलीच व्हती. मागनं कोणीतरी खटका वर केला." भेटेल त्याला ते एवढंच सांगत. त्या गडबडीत हातून पेंढ्यात पडलेला तो बल्ब त्यांनी उचलला, करवंटीत ठेवला आणि गिरणी सोडली. ते डोळखांबला सासूच्या दारी गेले आणि गोमाच्या माघारी त्याचं शेत कसू लागले. त्या धक्क्याने आपले कान गेले, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सासू भाकरी वाढायची. बोलायची नाही.

काही वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. नाचणीची कापणी चालली होती. मामा आता समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेत. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ते आत गेले आणि करवंटी घेऊन आले. काचेवर धुळीचा कणसुद्धा नव्हता.

"माझे कान गेले, भाऊ. हितं कोणाला इचारायची छाती झाली नाय. तू गिरणीतला. तू ऐक." त्यांनी बल्ब माझ्या कानाशी धरून हलवला. "नाय ना वाजत?"

किणकिण. बारीक, पण स्वच्छ.

माझ्या तोंडून शब्द फुटायची गरजच पडली नाही. ते चेहराच वाचत होते. त्यांनी बल्ब स्वतःच्या कानाला लावला आणि चिंचेखाली मिटत तसेच डोळे मिटून हलवला, पुन्हा पुन्हा.

"मला त्या दिवशीबी असाच ऐकू आला," ते म्हणाले. "शाबूत."

"मामा, पडताना तुटला असेल तो! पेंढ्यात पडला तेव्हा!" मी ओरडलो. शेतातल्या बाया विळे थांबवून बघू लागल्या, इतक्या मोठ्याने ओरडलो. पण मामांचे डोळे मिटलेले होते, आणि माझे ओठ त्यांना दिसत नव्हते.