पडीक जनुक

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला की परभणीतलं आमचं कॉलेज सुटायचं आणि मी मिळेल त्या एस.टी.नं जिंतूरला घरी यायचे. असंच एकदा आले, तर ताईची सुपारी फुटलेली. नवरा आमचा धाकटा मामा. आमच्यात मामाला भाची देतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी मात्र हातातला पेढा परत ताटात ठेवला.

त्याच आठवड्यात प्राणिशास्त्राच्या सरांनी पडीक जनुकं शिकवली होती. माणूस माणूस होण्याच्या कितीतरी आधी रक्ताच्या एका जनुकाची जास्तीची नक्कल झाली. एक नक्कल कामाला राहिली, दुसरीत चुका साचत गेल्या आणि ती बंद पडली. कुणाचं काही अडलं नाही, म्हणून ते मढं आपण सगळेच पिढ्यानपिढ्या अंगात वागवतोय. आम्ही हसलो. मग सर म्हणाले, चूक जागा बघून पडत नाही, कामाच्या जनुकातही पडते. आईबापांपैकी एकाकडून नीट आलं तर निभावतं. दोघांकडूनही बिघडलेलं आलं, तर लेकराच्या अंगात रक्त धरत नाही.

मला मावशीची पोरं आठवली. मावशीही नात्यातच दिलेली. तिची दोन्ही पोरं रांगायच्या वयात पांढरीफटक पडून गेली होती, आणि घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून लिंबं उतरवली होती.

आईला सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! ती हसून म्हणाली, "रगत घरातलं घरातच राहायलंय. वाईट काय हाय त्यात?" तिला ज्याचं समाधान होतं, त्याचीच मला भीती वाटत होती.

लग्न झालं. बाळ गुटगुटीत निघालं, आणि शिकून भित्री झाली म्हणून सगळ्यांनी माझी भरपूर थट्टा केली. मलाही ती थट्टा गोड लागली. पण बाळ बसायला लागलं, तसे त्याचे ओठ पांढरे पडत गेले. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, याला बाहेरचं रक्त देत राहावं लागेल, आणि तेही किती दिवस पुरेल सांगता येत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळाला थोपटत ताईनं विचारलं, पुढच्या लेकरालाही असंच होईल का. होईलच असं नाही, पण दर खेपेला धोका तेवढाच, असं मी सांगितलं. मला खोटं बोलवेना.

तिनं बाळाचं टोपरं सारखं केलं.

"आईला सांगू नको," ती म्हणाली. "मला दिवस गेलेत."