बापूसाहेबांची साक्ष

खरा लेखक काहीही रचत नाही, तो फक्त साक्ष देतो. बापूसाहेब पागनीस हे वाक्य डोळे मिटून म्हणत. मग डोळे उघडून पुढचे वाक्य म्हणत, "रविवारी सगळ्यांना वाचून दाखवू. कोणाची हरकत असेल तर बदलू."

त्यांच्या तीन पिढ्या ग्वाल्हेर दरबारात खलिते लिहिण्यात गेल्या. संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झाले, तेव्हा बापूसाहेब सचिवालयात अनुवादक म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावर आले. दिवसा ते सरकारी आदेश हिंदीत आणत. संध्याकाळी, नई सडकेवरच्या आपल्या माडीत, ग्वाल्हेरच्या लश्कर या भागातल्या एका जुन्या सरदार घराण्याची कादंबरी मराठीत लिहीत. आदेश लवकर होत.

कादंबरीतले प्रत्येक पात्र त्यांच्या ओळखीतल्या जिवंत माणसावरून घेतलेले असे. रविवारी दुपारी चहाच्या वेळी प्रकरणाचे वाचन होई आणि ज्याचे पात्र त्याला अगत्याचे बोलावणे जाई. मी त्यात एक होतकरू तरुण होतो. चौथ्या प्रकरणात हा तरुण विडी ओढत असे. माझी आई वाचनाला आली आणि पुढच्या रविवारपासून तो लवंग चघळू लागला. खलनायक टोपी बाजारातल्या एका व्यापाऱ्यावर बेतला होता. ते हात जोडून म्हणाले, "पंडितजी, हमें बुरा मत दिखाइए, लड़की की शादी है." खलनायकाने दोन प्रकरणांत धर्मशाळा बांधली.

"असं केलंत तर कादंबरीत वाईट कोण उरणार?" मी विचारले.

"परिस्थिती," बापूसाहेब शांतपणे म्हणाले.

मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. इंदुरात बापूसाहेब एक ओळ लिहीत नसत. पात्रे सगळी लश्करात, मग हरकत घेणार कोण? एवढ्या अडचणींतूनही कादंबरी शेवटाला आली होती. म्हातारा सरदार मरतो, त्याच्याबरोबर एक काळ संपतो, एवढेच प्रकरण उरले होते. तेवढ्यात राज्य पुनर्रचना झाली. मध्य भारतच उरणार नव्हता. नव्या राज्याची राजधानी भोपाळ, आणि आमचे खाते कायमचे तिकडे जाणार. "भोपाळ म्हणजे बारमाही इंदूर," बापूसाहेब म्हणाले. थट्टेचा सूर नव्हता. आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी धरली होती आणि ती इथे संपली नाही तर कुठेच संपणार नव्हती.

अडचण अशी की सरदार मरायला तयार नव्हता.

सरदाराचे पात्र खालच्या मजल्यावरच्या रिसालदार मोहित्यांवरून घेतले होते. संस्थानी फौज मोडली तेव्हा ते निवृत्त झाले. नोकरी रिसाल्यातली, म्हणजे घोडदळातली खरी, पण सारी दाणागोट्याच्या कोठारावर गेलेली. शेवटच्या प्रकरणाची कल्पना ऐकून ते ताठ बसले.

"अंथरुणात? खोकून? बिलकुल नाही, बापूसाहेब."

"मग कसं म्हणता?"

"किल्ल्याच्या चढावर. घोड्यावर. हात तलवारीवर."

"पण तुम्ही घोड्यावर कधी बसलाच नाहीत."

"म्हणून तर म्हणून राहिलोय! कादंबरीत तरी बसवा ना."

आतून मोहितेकाकू बाहेर आल्या. "घोड्यावर बसवा नाहीतर हत्तीवर. माझ्या कपाळाचं काय? नवरात्रात घट बसलेत आणि तुम्ही दोघं यांचं मरण ठरवून राहिलेत?"

बापूसाहेबांनी दरबारी मसुद्याची तयारी असलेले डोके वापरले. "वहिनी, जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं. हे तुम्हीच सांगता ना?"

काकूंनी विचार केला. "वाढतं, हे खरं. पण आधी नवरात्र उठू दे. आणि घोडा पांढरा घ्या. काळा नको."

कुंकवाची परवानगी मिळाली, पण बापूसाहेब लिहीनात. ऑफिसात ते टाक दौतीत बुडवून नुसते बसत. "हे घडलेलं नाही हो," ते मला म्हणाले. "घडणारही नाही. मी कशाची साक्ष देऊ?"

"त्यांना तसं मरावंसं वाटतं, हे तर घडलंय," मी म्हणालो. मी हे चहा पिता पिता, काही विशेष न समजता म्हणालो होतो. बापूसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते घरी गेले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी वाचन झाले. एरवी दर ओळीला हरकत घेणारी मंडळी गप्प होती. चढावर घोडा थांबतो, म्हातारा खाली पसरलेल्या लश्कराकडे एकदा पाहतो आणि पुढे वाकतो, एवढेच होते. धर्मशाळावाल्या खलनायकाने डोळे पुसले. त्यांना मराठी येत नव्हती. रिसालदारांनी उभे राहून स्वतःच्या मृत्यूला सलाम केला. काकूंनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला आणि नवऱ्याला दोन खडे दिले.

"काही बदलायचं?" बापूसाहेबांनी विचारले.

कोणाचीच हरकत निघाली नाही. मी त्यांना एवढे घाबरलेले त्याआधी पाहिले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात ते भोपाळला गेले. मी नोकरी बदलून इथेच राहिलो. स्टेशनावर त्यांनी मला बाजूला घेतले. "एकच प्रकरण रचलं आणि तेच खरं उतरलं. बाकीची पुन्हा लिहायला हवीत."

ती लिहून झाली नाहीत. कादंबरी होती तशीच पुण्यात छापली गेली. काही वर्षांनी बापूसाहेब भोपाळला वारले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत अनुवादक, मनमिळाऊ, मधुमेही असे तिन्ही उल्लेख होते, कादंबरीचा नव्हता.

रिसालदार त्यानंतरही बरेच जगले आणि ग्वाल्हेरच्याच थाटीपुरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुपारच्या झोपेत गेले. काकूंनी कादंबरीचे शेवटचे पान वर्तमानपत्राकडे पाठवले. तिथे ते बातमी म्हणून छापले गेले. एका वाचकाने पत्र पाठवून त्यात चूक काढली: आपण त्या दिवशी किल्ल्यावर हजर होतो आणि घोडा तांबडा होता. संपादकांनी दुरुस्ती छापली.