एलेनीबाईंचे पाहुणे

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर माझा नवरा मिलिंद मला हसला. जूनच्या सुट्टीत आम्ही आठ दिवसांसाठी ग्रीसमधल्या क्रीट बेटावर निघालो होतो आणि माझ्या पिशवीत मोहरी, हळद, हिंगाचा छोटा डबा होता. "फिरायला चाललोय की संसार मांडायला?" तो म्हणाला. आमची पंधरा वर्षांची इरा कानात इअरफोन घालून आम्ही तिचे कोणी नाहीच अशा चेहऱ्याने बसली होती.

अथेन्सला विमान बदलून हानिया गावात उतरलो. भाड्याची गाडी घेतली. सिंगापूरची सवय डाव्या बाजूची, इथे सगळं उजवीकडून. वळण आलं की मिलिंद इंडिकेटरऐवजी वायपर चालू करायचा. कडकडीत उन्हात आम्ही काच पुसत पुसत डोंगर चढलो, एकदा वाट चुकून शेळ्यांच्या गोठ्याशी पोचलो आणि अखेर ऑलिव्हच्या बागेतलं ते घर दिसलं. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, निळं दार आणि अंगणात तुतीचं मोठं झाड.

दारात किरिया (बाई) एलेनी उभ्या होत्या. वय सत्तरीपुढचं, अंगात काळा झगा, कमरेला एप्रन.

"कालोस इर्थाते!" (या, स्वागत आहे!) म्हणत त्यांनी आधी थंड पाणी दिलं, मग बशीतून ग्लिको, म्हणजे चमच्याने खायचा मुरांबा. त्यांनी तो संत्र्याच्या सालीचा केला होता. आम्ही खाईपर्यंत त्या आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तरुणपणी काही वर्षं मेलबर्नला काढल्यामुळे त्यांना इंग्रजी येत होतं. अंगणात दोन घरं होती. दोन्ही पाहुण्यांसाठी, त्या स्वतः मागच्या खोलीत राहायच्या.

तीन दिवस समुद्र, कलिंगड आणि झोप यांत गेले. शनिवारी सकाळी मी अंगणात चहा पीत असताना धप्पकन आवाज आला. धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना एलेनीबाईंचा पाय घसरला होता. त्या पायरीवर बसून उजवं मनगट धरून होत्या.

सिंगापूरला नोव्हेना भागातल्या एका रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे. मनगट मोडलंय हे बघताक्षणी कळलं. मासिकाची गुंडाळी आधाराला लावून मी ते माझ्या ओढणीने बांधलं.

"दवाखान्यात जायला हवं. आत्ता."

"नाही. दोन वाजता पाहुणे येणार आहेत."

"एलेनीबाई, हाड मोडलंय."

त्यांनी डोळे मिटले. "माझा मुलगा निकोस अथेन्सला असतो. तो म्हणतो, आई, आता आणखी काही झालं की घर बंद करायचं आणि तू माझ्याकडे यायचं. तिथे मी काय होईन? पाहुणी. कायमची. खिडकीतल्या खुर्चीवरची." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजवर माझ्याकडे आलेल्या कोणाला दार बंद मिळालं नाही."

"आजही मिळणार नाही," मी बोलून गेले.

मिलिंद त्यांना गाडीतून हानियाला घेऊन गेला. जाताना खिडकीतून त्यांच्या सूचना चालूच होत्या. उशीवर रोझमेरीची काडी. मुरांबा वरच्या फडताळात. भात भरलेले टोमॅटो तयार आहेत, फक्त ओव्हनमध्ये ठेवायचे. आणि पाणी आधी!

इराने कानातले इअरफोन काढले आणि न सांगता चादरी उचलल्या. घरी स्वतःची गादी न आवरणारी ही मुलगी कोपरे ताणून पलंग लावत होती. मी मात्र ओव्हनवरची ग्रीक अक्षरं न समजल्यामुळे भलतंच बटण फिरवलं. अर्ध्या तासात टोमॅटोंचा कोळसा झाला.

घड्याळात एक वाजला होता. मी पिशवीतला फोडणीचा डबा काढला. बटाट्याच्या काचऱ्या, मोहरीच्या फोडणीचा लिंबाचा भात, घट्ट दह्यातली काकडीची कोशिंबीर. इराने कोशिंबीर चाखली आणि सिंगापुरी थाटात म्हणाली, "आई, धिस इज त्झात्झिकी, लाह!" खरंच की, ग्रीकांची दह्यातली काकडीच ती. लसूण नव्हता, एवढाच फरक.

दोनला डच जोडपं आलं, दोघंही साठीची. मी पाणी पुढे केलं, पण त्यातल्या बाईंची नजर माझ्यामागे दाराकडे. "एलेनी कुठेय? गेल्या वर्षी ती इथे उभी होती."

गावात गेल्यात असं सांगून वेळ मारून नेता आली असती. मी खरं तेच सांगितलं. त्या पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "सुरी कुठेय? मी सॅलड चिरते."

तुतीखाली आम्ही जेवत असताना गाडी आली. एलेनीबाई हात गळ्यात बांधून फाटकाशी थबकल्या. त्यांच्या अंगणात परकी माणसं परकं जेवण जेवत होती. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आपण चुकलो. तेवढ्यात इरा उठली, थंड पाण्याचा पेला भरला आणि त्यांच्यासमोर धरून म्हणाली, "कालोस इर्थाते."

एलेनीबाई आधी हसल्या. मग रडल्या. मग बसून लिंबाचा भात दोनदा मागून घेतला.

निकोसचा फोन आला तेव्हा त्यांनी लपवलं नाही. "हात मोडला. पाहुणे जेवतायत. इथे एक फिजिओथेरपिस्ट आहे, तिला विचार," इतकंच इंग्रजीत सांगून फोन माझ्या हातात दिला.

"तुम्ही यातल्या जाणकार आहात ना?" त्याने इंग्रजीत विचारलं. "खरं सांगा. तिला झेपेल?"

एलेनीबाई माझ्याकडे बघत होत्या. "नाही," मी म्हणाले. "सहा आठवडे साधी बादलीसुद्धा उचलायची नाही. मदत लागेल. पण त्यांना इथून नेऊ नका."

"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला. एलेनीबाईंनी मान फिरवली. संध्याकाळभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

सोमवारी निकोस आला. सकाळी उठून बघते तर तो अंगणात चादरींना इस्त्री करत होता आणि आई शेजारी उभी राहून डाव्या हाताने चुका दाखवत होती. "प्लास्टर निघेपर्यंत मी इथेच आहे," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू." आमच्या निघायच्या दिवशी एलेनीबाईंनी एका हाताने मला जवळ घेतलं. "तू त्याला खरं सांगितलंस तेव्हा राग आला होता," त्या म्हणाल्या. "अजून थोडा आहे."

सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर परत आलो. लिफ्ट, कॉरिडॉर, सारख्या दारांची ओळ. सहा वर्षं आम्ही इथे नोकरीच्या पासवर, म्हणजे मुदतीच्या परवान्यावर राहतोय. नूतनीकरणाचं पत्र आलं की पुढचं ठरतं. आपणच पाहुणे, मग आपण कोणाचं स्वागत करायचं, असं मी नकळत धरून चालले होते. कोणी भेटायचं म्हटलं की हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवरच भेटायचो. घर आपलं असावं लागतं, असं वाटायचं.

रविवारी इराने समोरचं दार वाजवलं. तिथे मिसेस लिम एकट्या राहतात. सहा वर्षांत आमची ओळख मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती.

"नो नीड, लाह, सो ट्रबलसम," त्या दारातूनच म्हणत होत्या.

"कम इन लाह, आंटी. आईने पोहे केलेत."

त्या थोडा वेळ घुटमळल्या. मग त्यांनी आपल्या सपाता काढल्या आणि आमच्या चपलांशेजारी नीट जुळवून ठेवल्या.