काट्यावर विश्वास नसलेला माणूस

बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन होतं आणि गाडीचा कॉम्प्युटर सांगत होता, इंजिन उणे चाळीसवर आहे. हसावं की रडावं, मंजुषाला कळेना. लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली ते साल. औरंगाबादेत गारखेड्यातले बोअर एकामागून एक आटले होते, नळ कधी येईल ते देवालाही ठाऊक नव्हतं, आणि नव्या इमारती मात्र टँकरच्या पाण्यावर मजले चढवत होत्या. अशा भाजून काढणाऱ्या उन्हात हिची गाडी एकटीच हिमालयात जाऊन बसली होती!

"सेन्सर गेलाय, वहिनी," बीड बायपासवरचा मेकॅनिक साहेबराव मशीन बघत म्हणाला. "इंजिनातलं पाणी किती तापलं ते सांगणारा. तो मेला की गाडीला वाटतं लई थंडी पडली. मंग ती पेट्रोल जास्त ओढती, आन् उगं धोका नको म्हणून पंखा सारखा चालू ठेवती."

सेन्सर बदलला. दोन दिवस गाडी गुणाची राहिली. मग पुन्हा टेम्परेचरचा काटा तळाला, पंखा घरघरतोय, मागून काळा धूर, आणि चिकलठाण्याच्या सिग्नलला बंद पडलेलं इंजिन काही केल्या सुरू होईना. गाडीतल्या चारही बायका घड्याळ बघायला लागल्या.

या बायकांना घरून उचलायचं आणि शेंद्र्याच्या एका कंपनीत पहिल्या पाळीला पोचवायचं, हेच मंजुषाचं काम. ते तिनं हट्टानं मिळवलं होतं, "बाई काय गाडी चालवणार" म्हणणाऱ्या अर्ध्या गल्लीच्या नाकावर टिच्चून. त्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर सर्जेराव गेटवरच उभा होता.

"ताई, मलाबी वरून शिव्या बसतात," तो म्हणाला. "आता अजून एकदा लेट झालं तर मी दुसरी गाडी लावणार. मंग मला बोल लावू नका."

घरी येऊन हे सांगावं कुणाला? नवरा शिवराज कारखान्यात रात्रपाळीला. गाडीतलं त्याला फक्त गाणी लावता यायची. राहता राहिले सासरे, बद्रीनाथ आबा.

आबांनी सगळी हयात सोयगावला सरकारी जीप चालवण्यात घालवली. निवृत्त होऊन लेकाकडे आले, पण त्यांची ड्युटी काही सुटली नाही. चहाच्याही आधी सुनेच्या गाडीचं बॉनेट उघडायचे. ऑइल, पाणी, बेल्ट, हवा. घरात घोटभर पाणी जपून वापरायचे दिवस, तर हे आपल्या आंघोळीच्या वाटणीतलं रेडिएटरला घालायचे आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचे. त्यात कूलंट असतं, साधं पाणी नको, असं मंजुषा सांगून सांगून थकली. "कूलंट म्हंजी रंग दिलेलं पाणीच की," आबा म्हणायचे. भांडण नाही, आवाज नाही. सगळं ऐकून घ्यायचे आणि मग आपलंच खरं करायचे. असल्या माणसावर चिडताही येत नाही आणि न चिडता राहवतही नाही.

दुसरा सेन्सर बसवला, तिसरा बसवला. तेच. दोन दिवस सुख आणि मग पुन्हा धूर. गॅरेजमध्ये मंजुषाचा तोल सुटला.

"भाऊ, तुमाला सेन्सर बदलायशिवाय दुसरं काय येतं का नाय? पहिला मेला, दुसरा मेला, तिसराबी मेला? गाडी हाय का मसणवटा?"

साहेबरावाला हे लागलं. त्यानं शेजारच्या टपरीवरून उकळतं पाणी आणलं, काढलेला सेन्सर मीटरला जोडला आणि पाण्यात बुडवला. तापला की मीटरचा आकडा उतरायला हवा, तसा तो सरसर उतरला, म्हणजे सेन्सर धडधाकट. दुसराही तसाच. मग सेन्सरवर बसणाऱ्या वायरीच्या प्लगमध्ये करंट येतो का ते बघितलं, येत होता. तारा हलवल्या, वाकवल्या, ओढल्या. कुठं तुटकं नाही. प्लग पुन्हा खटकन बसवला आणि गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू झाली.

"सगळंच चांगलं, तर मंग बिघाड कशात हाय?" मंजुषा कडाडली.

"वहिनी, एकदा लिंबू-मिरची बांधून बघा," साहेबराव म्हणाला. थट्टेनं नाही, मनापासून!

मंजुषानं कपाळाला हात लावला, आणि तशीच थबकली. दरवेळी इथं आलं की साहेबराव प्लग काढतो आणि नीट दाबून बसवतो. गाडी बरी होत होती ती त्या दाबण्यानं. नव्या सेन्सरनं नव्हेच. म्हणजे प्लग सैल होतोय. पण कशानं? तिनं पर्समधून लाल नेलपॉलिश काढली आणि प्लग जिथं सेन्सरवर बसतो त्या सांध्यावरून एक रेघ ओढली. साहेबराव आ वासून बघत राहिला.

दिवसभर शहरातले सगळे खड्डे तुडवून संध्याकाळी घरी आल्यावर तिनं बघितलं. रेघ अखंड. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पुन्हा बघितलं. रेघ दुभंगलेली, प्लग अर्धा बाहेर. उभ्या गाडीचा प्लग आपोआप निसटत नसतो, आणि त्या घरात बॉनेट उघडणारा माणूस एकच.

"आबा, ह्यो प्लग तुमी काढला?"

"पुरता नाय काढला," आबा शांतपणे म्हणाले. "पुरता काढला तर लोंबकळून गरम पाइपाला लागल. निम्मा सोडला. मंग पंखा बंदच होत नाय. मागं एकदा साहेबरावानं प्लग काढला तवा बघितलं हुतं म्या."

"पण कशापायी?"

"काट्याचा काय भरवसा? अजिंठ्याच्या घाटात जीपचा काटा निम्म्यावर हुता, आन् इंजिन जाम झालं. साहेब म्हणला, झोपला हुतास का. काटा खोटं बोलतो, पोरी. पंखा कानाला ऐकू येतो. एवढं ऊन, तू एकलीच गाडीवर. पंखा फिरत असला म्हंजी तू रस्त्यात अडकायची नायस."

मंजुषाच्या डोक्यात सणक गेली.

"मी अडकले ती तुमच्या त्या पंख्यापायीच! माझं काम जायची पाळी आली, आबा! आजपासून गाडीला हात लावायचा नाय. बॉनेट उघडायचं नाय, पाणी घालायचं नाय, काय म्हंजी कायबी करायचं नाय!"

सासऱ्याशी ती उभ्या जन्मात इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती. आबांनी हातातल्या फडक्याची घडी घातली आणि ती कठड्यावर ठेवली.

"बरं," ते म्हणाले. "पण मंग सकाळी म्या काय करू?"

तिनं प्लग दाबून बसवला आणि ती निघाली.

गाडी सुधारली. काटा मध्यावर येऊन थांबायचा, पंखा गरजेपुरता फिरायचा, बायका वेळेत पोचायच्या. सर्जेराव गेटवरून हात करायला लागला. काम वाचलं. पण सकाळी आबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. चहा दिला की घ्यायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. "आबांना बरं नाय का?" शिवराजनं विचारलं, तर मंजुषा त्याच्यावरच खेकसली. चूक त्यांची, आणि चोरट्यासारखं वाटतंय हिला! हा कुठला न्याय?

अखेर एका सकाळी तिनं स्वतःच बॉनेट उघडलं आणि अंगणातून ओरडली, "आबा! या इकडं. ह्या एका प्लगला हात लावायचा नाय. बाकी सगळं तुमचं."

आबा इतक्या घाईनं आले की एक चप्पल बाजेखालीच राहिली. ऑइल बघितलं, पुसलं, पुन्हा बघितलं. बेल्ट दाबला. चारी टायर ठोकून बघितले. मग हात पाठीमागे बांधून त्या प्लगावर वाकले आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

"ठीक हाय," ते म्हणाले. "आता काचा पुसतो."

मंजुषानं घड्याळ बघितलं. उशीर झालाच होता.

त्या दिवसापासून ती रोज अर्धा तास आधी उठू लागली. चडफडत उठायची, पण उठायची.