लुबाबाची साक्ष

माझी आत्या लुबाबा हाडं बसवायची. उंटावरून पडलेला माणूस असो की निखळलेला खांदा, अख्ख्या कुफ्यात तिच्यासारखा हात नव्हता. तिच्याइतकं कडू तोंडही नव्हतं.

पैगंबर गेले त्या वर्षी आमच्या असद टोळीने मदिनेशी फारकत घेतली आणि खलिफा अबू बक्र यांनी आमच्यावर फौज धाडली. बुझाखाच्या विहिरीपाशी आम्ही हरलो. तिथे आत्याच्या धाकट्या भावाला, माझ्या काकाला, उमाराला, खलिफाच्या फौजेतल्या मुझैना टोळीच्या सिनानने मारलं. उमाराने तलवार खाली टाकली होती, तरी मारलं. पुढे खलिफा उमर यांच्या काळात फुरात नदीच्या काठी कुफा शहर वसलं, टोळ्यांना जागा वाटून दिल्या, आणि आत्याच्या शेजारी नेमका सिनान आला. मध्ये बोरूची एक भिंत.

सकाळी तो खाकरला की आत्या मोठ्याने म्हणायची, "उठला खाटीक. अजून जिवंत आहे."

"तुझ्या शापांनी मरणार असतो तर केव्हाच गेलो असतो, म्हातारे," पलीकडून उत्तर यायचं.

एका उन्हाळ्यात आमच्या टोळीतला कुदामा आणि सिनान यांचं सांडपाण्यावरून भर गल्लीत भांडण झालं. त्याच दुपारी कुदामा सिनानच्या अंगणात मान मोडून पडलेला सापडला. धुगधुगी अजून होती, म्हणून त्याला उचलून आत्याकडे आणलं. मी पाणी घेऊन उभी होते. आत्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कान त्याच्या ओठांशी नेला. तो काहीतरी पुटपुटला आणि गेला.

आमच्या टोळीचा म्होरक्या नुऐम धावत आला. "सिनानचं नाव घेतलं ना त्याने? एवढंच म्हण, लुबाबा. खून शाबीत करायला पन्नास शपथा लागतात, आपले पन्नास जण उभे आहेत. उद्या त्याचं मुंडकं उडेल. अगं, उमाराचा सूड अल्लाने तुझ्या दारात आणून ठेवलाय!"

आत्याने कुदामाचे डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मशिदीच्या अंगणात सिनानला हात बांधून बसवलं होतं. आत्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग काझीला म्हणाली, "कुदामा म्हणाला, शेळीमागे सिनानच्या छपरावर चढलो, बोरूत पाय गेला आणि खाली अंगणात पडलो. बस्स."

गदारोळ उठला. नुऐम तिच्या पायाशी थुंकला. "भावाच्या मारेकऱ्याला वाचवलंस!"

"उमाराला त्याने मारलं, ते मी रोज ओरडून सांगते," आत्या कडाडली. "कुदामाला त्याने मारलं नाही. मेलेल्याच्या तोंडात मी माझे शब्द घालणार नाही."

सिनान सुटला. संध्याकाळी मेंढीची तंगडी घेऊन दारात आला. मान खाली. "लुबाबा, उमाराबद्दल मला..."

"त्याचं नाव घेतलंस तर जबडा मोडीन. आणि बसवणार नाही."

तंगडी तिने त्याच्यादेखत कुत्र्यांना टाकली.

आमच्या गल्लीने तिला सलाम करणं सोडलं. कुदामाच्या बायकोने तिच्या उंबऱ्यावर राख ओतली. लोक दुसरीकडे जाऊन हात वाकडे बसवून घेऊ लागले, पण तिच्याकडे येईनात. दोन वर्षांनी नुऐमच्या मुलीचं मनगट मोडलं, तेव्हा त्याने तिला दासीबरोबर पाठवलं. स्वतः आला नाही. आत्याने हाड बसवलं आणि निरोप धाडला, "तुझ्या बापाला सांग, हाड सरळ झालंय. त्याचं माझं काही सरळ झालेलं नाही."

एकदा मी विचारलं, "आत्या, खोटं बोलावंसं वाटलं नाही?"

"अगदी ओठापर्यंत आलं होतं," ती म्हणाली, आणि मलाच घराबाहेर काढलं.

सिनान तापाने मेला त्या दिवशी पलीकडे आक्रोश चालला होता. आत्या जव भाजत बसली होती. जव करपले, तरी ती ढवळतच राहिली. पुढच्या हिवाळ्यात तीही गेली. तिच्या जनाज्याला आम्ही घरचे सहा जण होतो. नुऐम आपल्या दारात उभा राहून बघत होता, आणि आम्ही जवळ आलो तसं त्याने दार लावून घेतलं.