तेवीस नंबरचा साबण

वसतिगृहाचा दुसरा मजला झाडणाऱ्या मावशींना शिकलेल्या माणसांबद्दल काडीचाही आदर नव्हता. अठरा वर्षं त्यांच्या मोऱ्या धुतल्यावर तो उरणार कुठून? पुस्तकं छातीशी धरून मिरवतात आणि जाळीत अडकलेले स्वतःचे केस उचलत नाहीत, असं त्या तोंडावर ऐकवत.

तेवीस नंबरच्या खोलीतली पोरगी तर त्यांच्या लेखी एक नंबरची आळशी. दुपारी बारालाही अंथरुणात, केसांच्या जटा, उष्टा कप उशाशी. "बापाच्या जिवावर लोळायलाच आलीयेस का गं?" असं दोन आठवडे त्या रोज विचारत राहिल्या. पोरगी भिंतीकडे कूस बदलायची.

मग एका सकाळी न्हाणीघरातला कट्टा पुसताना तेवीस नंबर लिहिलेली तिची साबणदाणी हाताला लागली. साबण कोरडा ठणठणीत, भेगा पडलेला. शेजारचा ब्रशही तसाच. मावशी तिथंच खाली बसल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचा साबणही असाच वाळला होता, आणि तिलाही त्या आळशीच म्हणत राहिल्या होत्या, तिनं जीव दिला त्या दिवसापर्यंत. स्वतःच्या जिभेची त्यांना शिसारी आली.

पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सरळच विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का गं?"

पोरगी भिंतीकडे बघतच म्हणाली, "वाटतं. रोज. कुणी विचारलंच नाही, मावशी."

विद्यापीठाचा समुपदेशन कक्ष होता की. फीत कापून उघडलेला. त्यात मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, आणि त्यावरची धूळ मावशीच झटकायच्या. तरी पोरीशी बोलायला कुणी मिळेल का, हे विचारायला त्या रेक्टरबाईंकडे गेल्या.

"अर्ज लागेल," रेक्टरबाई मान वर न करता म्हणाल्या. "सोबत पंचाहत्तर टक्के हजेरीचा दाखला."

"ती अंथरुणातून उठत नाहीये, बाई."

"मग दाखला कसा मिळणार?"

मावशींनी त्या अकलेला मनातल्या मनात कोपरापासून हात जोडले. पोरीच्या पायात चपला सरकवल्या आणि दोन बस बदलून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचं अर्धा तास ऐकून घेतलं. तिच्या आईला फोन लावला, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. "हा आजार आहे, आळस नव्हे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या हातात मेमो पडला, कामाची वेळ सोडून गेल्याबद्दल. महिनाअखेरीच्या अहवालात मात्र रेक्टरबाईंनी लिहिलं, की समुपदेशन कक्षामुळे एका विद्यार्थिनीला वेळेत उपचार मिळाले. मावशींना हे कळलं तेव्हा त्या मोरी घासत होत्या. घासत राहिल्या. मोरी निदान स्वच्छ तरी होते.

गुण यायला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आई येऊन चार दिवस राहून गेली. दर आठवड्याला मावशी पोरीला दवाखान्यात नेत, खुशाल मेमो येऊ दे म्हणत. आणि रोज कट्टा पुसताना तेवीस नंबरच्या साबणावर बोट फिरवून बघत.

एकोणचाळिसाव्या दिवशी बोट घसरलं.