उन्हाळ्यात मोजलेली माती

"पहिले नापा, मंग बोला," हे काकाजींचं पालुपद. पोळी जाड झाली म्हटलं तरी ते खिशातून पट्टी काढत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

चीनची लढाई झाली तेव्हा रांझीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी होतो. कारखान्यात तोफगोळ्यांची मापं तपासायच्या खात्यात ते माझे वरिष्ठ. एकदा मोजलेलं लोखंड पुन्हा बदलत नाही, यावर त्यांची देवावर नसेल एवढी श्रद्धा होती.

सिहोऱ्याचे एक शेतकरी, दाऊ, आम्हाला दरवर्षी गहू आणून देत. तिकडची रीत अशी, की शेताला चहूबाजूंनी बांध घालून पावसाचं पाणी कोंडून ठेवायचं, दसऱ्याच्या सुमारास सोडायचं आणि त्या ओलीवर गहू पेरायचा. त्यासाठी दर उन्हाळ्यात बांधावर माती चढवावी लागे. काकाजींना ही मेहनत फुकटची वाटली.

झालं! वनस्पती तुपाच्या डब्यांची बुडं कापून स्वारी सिहोऱ्याच्या बसमध्ये. काकू दारातून विचारत होत्या, "सगळे डबे काहून नेऊन राहिले? डाळ कशात ठेवू मी?"

भर मे महिन्यात डबा जमिनीत ठोकायचा, पाणी ओतायचं आणि घड्याळ पाहत बसायचं. छत्री धरायला मी. पाणी बघता बघता गडप होई. वहीभर आकडेमोड करून काकाजींनी निकाल दिला: ही माती इतकं पाणी पिते, की यंदा बांध उंचवायची गरज नाही. दाऊंनी ऐकलं.

पाणी मातीत मुरत नव्हतं, भेगांत जात होतं. श्रावणात काळी माती फुगली, भेगा मिटल्या, पाणी साचत गेलं आणि बांध फुटला. एका कोपऱ्यातली सगळी कसदार माती नाल्याला गेली. खाली नुसता मुरूम राहिला.

दाऊ रागावले नाहीत, त्याचंच काकाजींना जास्त लागलं. दाऊ एवढंच म्हणाले, "भैया, जेठ में मिट्टी प्यासी थी. सावन में पूछते."

पुढच्या पावसाळ्यापासून ओव्हरटाइममधून मिळेल तो रविवार सिहोऱ्याचा. गुडघाभर चिखलात तेच डबे. कोणत्या आठवड्यात माती किती पिते, जादा पाणी कुठून काढायचं, बांध किती हवा, असा मोठा तक्ता तयार झाला. बांधाची उंची दाऊंच्या आजोबांनी जेवढी ठेवली होती, जवळजवळ तेवढीच निघाली. यावर काकाजीच सगळ्यांत जास्त हसले.

बांध पुन्हा फुटला नाही. कोपऱ्यात वर्षाला थोडा थोडा गाळ बसू लागला, पण गहू काही धरेना. दाऊ आले की काकाजी आधी त्या कोपऱ्याचं विचारत आणि दाऊ मान हलवत. पासष्टची लढाई झाली, एकाहत्तरचीही झाली.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत काकाजी गेले. मार्चमध्ये दाऊ आले, त्यांना काही कळलं नव्हतं. हातात त्या कोपऱ्यातल्या गव्हाच्या ओंब्या होत्या. मी अंगणातच सांगितलं. त्यांनी आत जाऊन ओंब्या काकूंसमोर ठेवल्या.

काकूंनी एक ओंबी चोळून दाणे तळहातावर घेतले. मग भिंतीवरच्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "एक महिना थांबता नाही आलं तुम्हाला?"